ॲरिस्टॉटल बिदरला नवा नाही

सीमाभागातल्या कॉलेजांत तत्त्वज्ञान शिकवण्याचा विषय निघाला की एक ठरलेला आक्षेप कानावर येतो. भालकी, औराद, हुमनाबाद, आळंद इथल्या मराठी घरांतल्या मुलांनी ॲरिस्टॉटल वाचायचा कशाला? तो युरोपचा, इंग्रजांबरोबर आला आणि इंग्रजीतच राहिला. दुसरा आक्षेप विद्वानांकडून येतो. ज्याला ग्रीक येत नाही त्याने अनुवाद आणि टीका वाचून ॲरिस्टॉटलचा अर्थ लावणं म्हणजे उष्ट्यावर जेवणं. पहिल्याला फक्त आपलं हवं असतं, दुसऱ्याला फक्त मूळ हवं असतं. एरवी या दोघांचं पटत नाही, पण परिणाम एकच होतो: मुलाच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं जातं. मला हे दोन्ही पूर्वपक्ष मान्य नाहीत, आणि त्यांना उत्तर द्यायला बिदर आणि कलबुर्गी हे दोन जिल्हे पुरेसे आहेत.

इंग्रजांबरोबर आला, हे आधी पाहू. गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, गादीवर १३९७ ते १४२२ या काळात फिरोजशाह बहमनी होता. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की शनिवार, सोमवार आणि गुरुवार या दिवशी सुलतान स्वतः विद्यार्थ्यांना पाठ देत असे, आणि दिवसा राज्यकारभारातून सवड मिळाली नाही तर रात्री बसत असे. त्याने पुस्तकांची नावंही दिली आहेत. भूमितीला युक्लिड, म्हणजे नसीरुद्दीन तूसीने अरबीत सिद्ध केलेली त्याची आवृत्ती. खगोलाला तूसीच्याच 'तज्किरा'वरची टीका. धर्मचर्चेला तफ्ताजानीचा 'शर्ह-ए-मकासिद' आणि अलंकारशास्त्राला त्याचाच 'मुतव्वल'. फिरोजचा गुरू मीर फजलुल्लाह इंजू हा तफ्ताजानीचा शिष्य. म्हणजे गुलबर्ग्याचा राजा आपल्या गुरूच्या गुरूचे ग्रंथ शिकवत होता. 'मकासिद' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ खरा, पण द्रव्य आणि गुण, कार्य आणि कारण, गती, काळ, आत्मा यांची जी चर्चा त्यात आहे ती इब्न सिनाच्या वाटेने ॲरिस्टॉटलकडूनच आलेली आहे. काही ठिकाणी ती स्वीकारली आहे, काही ठिकाणी खोडून काढली आहे. जे खोडायचं ते आधी नीट समजून घ्यावं लागतं, म्हणून तिथल्या विद्यार्थ्याला ती शिकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या स्थापनेला अजून दीड-दोनशे वर्षं अवकाश होता.

पुढे बहमनी सुलतान अहमदशाहाने राजधानी बिदरला नेली. तिथे गीलानहून आलेल्या वजीर महमूद गावानने १४७२ मध्ये मदरसा बांधला. आजही चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना तो दिसतो: एक मिनार उभा, दुसरा नाही, मिनारावर नागमोडी पट्ट्यांत बसवलेल्या निळ्या, हिरव्या फरशांचे तुकडे, आत तीन मजल्यांच्या खोल्या. १६९६ मध्ये स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला, तरी उरलेल्या भागावरून आवाका कळतो. गावानच्या संग्रहात ३००० ग्रंथ होते असं फिरिश्ता सांगतो. हेरातच्या जामी या कवीशी त्याचा पत्रव्यवहार होता. त्याने जामीला इकडे बोलावलंही होतं, पण जामी आला नाही. शिराजच्या जलालुद्दीन दवानीने सुहरावर्दीच्या 'हयाकिलुन्नूर'वर लिहिलेली आपली टीका गावानला अर्पण केली. सुहरावर्दी हा ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचा मोठा खंडनकर्ता. म्हणजे बिदरच्या वजिराच्या नावावर जो तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आला, तो ॲरिस्टॉटलच्या परंपरेशी भांडणाऱ्याच्या ग्रंथावरचा. ज्या गावात मंडन पोचतं आणि खंडनही पोचतं, त्या गावाला तो विषय परका कसा म्हणायचा?

इथे आपल्या बाजूच्या अतिउत्साही मंडळींनाही थांबवलं पाहिजे. गावानच्या मदरशात ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमधून शिकवला जात होता, किंवा बिदर म्हणजे दख्खनचं ऑक्सफर्ड, असं भाषणांत ठोकून दिलं जातं. ते सोडून द्यावं. इथे अरस्तू, म्हणजे ॲरिस्टॉटल, आला तो अरबी-फारसी टीकांमधून. शिवाय अरबीत 'अरस्तूचं धर्मज्ञान' म्हणून जो ग्रंथ शतकानुशतकं मान पावला, तो मुळात प्लोटायनसच्या 'एनीअड्स'मधल्या भागांचा विस्तार आहे. त्या परंपरेतल्या अरस्तूत प्लेटो आणि प्लोटायनस मिसळलेले आहेत. हे लपवायचं कारण नाही. उलट कोणता धागा कोणाचा हे सोडवत बसणं, हाच अभ्यास.

आता उष्ट्याचा मुद्दा. हा अधिक वजनदार आहे, कारण तो प्रामाणिक विद्वानही मांडतात. त्यांचं आवडतं उदाहरण 'काव्यशास्त्रा'चं. दहाव्या शतकात अबू बिश्र मत्ताने सिरियाकवरून त्याचा अरबी अनुवाद केला. अरबांकडे ग्रीकांसारखं नाटक नव्हतं, त्यामुळे इब्न रुश्दने शोकात्मिका म्हणजे स्तुतिकाव्य आणि सुखात्मिका म्हणजे निंदाकाव्य असा अर्थ लावला. चूक झाली, यात वाद नाही. पण त्याच अनुवादाची दुसरी बाजू सांगितली जात नाही. मत्तासमोरच्या सिरियाक अनुवादामागे जी ग्रीक पोथी होती, ती आज हाती असलेल्या सर्वांत जुन्या ग्रीक पोथीहूनही जुनी. म्हणून युरोपातले संपादक मूळ ग्रीक पाठ ठरवताना या अरबी अनुवादाची साक्ष काढतात. ज्याला उष्टं म्हणून बाजूला सारायचं, त्याच्याच आधाराने मूळ शुद्ध केलं जातं.

आणि 'मूळ' तरी कुठलं? ॲरिस्टॉटलने प्रकाशनासाठी लिहिलेले संवाद हरवले. आपल्यापर्यंत आलं ते बहुतांशी त्याच्या पाठांचं टिपणवजा लेखन, ज्याची जुळणी त्याच्यानंतर जवळपास तीनशे वर्षांनी ऱ्होड्सच्या ॲन्ड्रोनिकसने केली असं परंपरा सांगते. इतकं आटोपशीर, जागोजागी तुटक लेखन टीकेवाचून कोणालाच उलगडलेलं नाही, खुद्द ग्रीकांनाही नाही. आफ्रोडिसियासचा अलेक्झांडर ग्रीकच होता, तरी त्याने आयुष्य ॲरिस्टॉटलवर टीका लिहिण्यात घालवलं.

टीकेची लाज वाटावी असा हा मुलूखही नव्हे. कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला, राष्ट्रकूटांच्या राजधानीत, नवव्या शतकात दंडीच्या 'काव्यादर्शा'चा आधार घेत 'कविराजमार्ग' रचला गेला आणि कन्नडला आपलं काव्यशास्त्र मिळालं. बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली. ती टीका आहे, तरी वारसाहक्काच्या खटल्यांत न्यायालयांनी तिचाच हवाला दिला. जिथे टीकेने मूळ ग्रंथाइतका अधिकार मिळवला, तिथल्या माणसाने टीकेतून अर्थ लावण्याला दुय्यम म्हणू नये.

टीकाकार नुसती री ओढत नाही, हे एका जागी जवळून बघण्यासारखं आहे. 'नीतिशास्त्रा'च्या दुसऱ्या भागात ॲरिस्टॉटल मध्यमार्ग सांगतो आणि लगेच बजावतो की हा मध्य गणितातला नव्हे. दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडं, म्हणून तालमीच्या वस्तादाने प्रत्येकाला सहा माप द्यायचं असं नाही. मिलोसारख्या मल्लाला तेवढं अपुरं, नव्या पोराला जास्त. ही शिकवण मिस्कवैहच्या अरबी ग्रंथातून तूसीच्या फारसी 'अखलाक-ए-नासिरी'त आली. हा तोच तूसी, ज्याची भूमिती फिरोज शिकवत होता. तूसी अतिरेक आणि न्यूनता हे दोन दोष घेतो आणि तिसरा जोडतो: विकृती. माणसाची बुद्धी कमी नसेल, जास्तही नसेल, तरी ती नासलेली असू शकते. वाद जिंकण्यापुरती किंवा शकुन-भविष्य सांगण्यापुरती विद्या, ही त्याची उदाहरणं. प्रमाण बरोबर असूनही जात बिघडू शकते, हे तूसीने अधिक स्वच्छ पाहिलं असं माझं मत आहे. कोणाला ते पटणार नाही. मग त्याने ॲरिस्टॉटलमधून उतारा काढून दाखवावा. अर्थ लावणं सुरू होतं ते तिथे.

मराठीत मात्र आपण ॲरिस्टॉटलला साहित्याच्या पेपरात कोंडलं. विंदा करंदीकरांनी १९५७ मध्ये 'ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र' देऊन मोठं काम केलं. पुढे बहुतेकांनी त्यातलं परीक्षेपुरतं तेवढं उचललं. 'नीतिशास्त्र' वर्गात आलंच नाही. उर्दूत तसं झालं नाही. गुलबर्गा आणि बिदर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यात १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दूत उच्च शिक्षण द्यायचं ठरवलं आणि अनुवादाचं स्वतंत्र खातंच चालवलं. त्या खात्यासाठी 'उमराव जान अदा'चे लेखक मिर्झा हादी रुसवा यांनी ॲरिस्टॉटलचं नीतिशास्त्र उर्दूत नेलं. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या उर्दू शिकलेल्या माणसाला हा ग्रंथ त्याच्या शाळेच्या भाषेत मिळू शकत होता. मराठी शिकलेल्या नातवाला तो बहुधा इंग्रजीत शोधावा लागतो.

राहिला ग्रीकचा हट्ट. ज्याला ग्रीक शिकता येईल त्याने जरूर शिकावं. पण इब्न सिनाला ग्रीक येत नव्हतं, इब्न रुश्दला येत नव्हतं; थॉमस अक्वायनसने मोरबेकेच्या विल्यमने केलेल्या लॅटिन अनुवादांवर भिस्त ठेवली. या तिघांना वगळून ॲरिस्टॉटलच्या अभ्यासाचा इतिहास लिहिता येत नाही. त्यांच्याकडे चांगला अनुवाद होता, आधीच्या टीकाकारांचे ग्रंथ होते आणि ओळीओळीवर शंका काढायची सवय होती. सीमाभागातल्या वर्गात यांतल्या पहिल्या दोन गोष्टी आजही जमवता येतील. मिलोचा तो परिच्छेद मराठीत करून फळ्यावर लिहावा, शेजारी तूसीची तीन दोषांची मांडणी ठेवावी, आणि वर्गात जो मुलगा उर्दू वाचतो त्याला रुसवांचा अनुवाद मोठ्याने वाचायला सांगावा. एका तासाला तेवढं पुरे.