महागाईच्या यादीत नसलेला खर्च

दर महिन्याच्या एक तारखेला रात्री मुलगी झोपली की मी आणि माझी बायको लॅपटॉप उघडून महिन्याचा हिशोब मांडतो. घरभाडं, किराणा, लाइट बिल, गॅस, शाळेची फी, गाडीचा हप्ता, गावी अम्मी-अब्बांना पाठवायचे पैसे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, ती एका खासगी शाळेत शिक्षिका. आम्ही गरीब नाही. तरीही पंचवीस तारखेनंतर खात्यात काय उरतं, हे तुमच्यातल्या बहुतेकांना सांगायची गरज नाही.

या वर्षभरात सरकारने मध्यमवर्गाला दिलासा दिल्याचं आपण खूप ऐकलं. त्यातलं काही खरंही आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं. नोकरदारांसाठी प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. बरोबर १२ लाख उत्पन्न असलेल्याचे त्यातून ८० हजार रुपये वाचले. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे मुख्य टप्पे ५ आणि १८ टक्के असे दोनच राहिले, आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा कर गेला. आमच्या हिशोबातही त्याचा फरक दिसला. दुसरीकडे, त्याच वर्षी एप्रिलमध्ये घरगुती गॅस सिलिंडर ५० रुपयांनी महागला होता आणि पेट्रोल तर कधीचं शंभरीपार गेलेलं आहे. म्हणजे एका हाताने मिळालं, दुसऱ्या हाताने गेलं. या चर्चा टीव्हीवर रोज होतात. मला आज अशा एका खर्चाबद्दल बोलायचं आहे, जो कुठल्याही अर्थसंकल्पाच्या भाषणात येत नाही, पण आपल्यापैकी अनेकांच्या घरात दर महिन्याला येतो.

आधी माझंच उदाहरण देतो. माझं ऑफिस हिंजवडीला. पुण्यात घर शोधायला लागलो तेव्हा साहजिकच वाकड, पिंपळे सौदागर भागात बघत होतो. फोनवर सगळं ठरायचं. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, कधी राहायला येणार तेही ठरायचं. मग ब्रोकर करारासाठी नाव विचारायचा. दोन तासांनी त्याचा फोन यायचा, “सर, मालकांनी घर नातेवाइकांना द्यायचं ठरवलंय.” एका महिन्यात इतके नातेवाईक अचानक पुण्यात राहायला आले की मला मोजदाद ठेवणं अवघड झालं. शेवटी आम्ही कोंढव्यात घर घेतलं. कोंढव्याबद्दल माझी तक्रार नाही. शेजार चांगला आहे, मुलीला मैत्रिणी आहेत, रमजानमध्ये तर तिथून कुठे जावंसंही वाटत नाही. पण ती निवड आम्ही केली नव्हती.

आता हिशोब बघा. वाकडला राहिलो असतो त्यापेक्षा रोज साधारण ४५ किलोमीटर जास्त गाडी चालवावी लागते. म्हणजे रोज एक लिटर पेट्रोल जास्त. महिन्याचे २२ दिवस धरले तर सव्वादोन हजार रुपये झाले, टायर आणि सर्व्हिसिंग वेगळं. वेळेचा हिशोब याहून वाईट आहे. ट्रॅफिकमध्ये रोज दोन तास जास्त जातात. महिन्याला चाळीसेक तास होतात, म्हणजे ऑफिसातला एक अख्खा आठवडा. त्या तासांचा पगार मला कुणी देत नाही आणि ते तास माझ्या मुलीलाही मिळत नाहीत.

दुसरं उदाहरण माझ्या धाकट्या बहिणीचं. ती बीकॉम आहे, टॅली आणि जीएसटी रिटर्नचं काम तिला चांगलं येतं. तिच्या बरोबरीने पास झालेल्या वर्गमैत्रिणीला निकालाच्याच महिन्यात अकाउंट्समध्ये १८ हजारांची नोकरी लागली. बहिणीला चार महिने लागले. एका मुलाखतीत कामाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि स्कार्फबद्दल चार. ऑफिसात काढून बसणार का, क्लायंट आले तर काय, लग्न कधी, लग्नानंतर “तुमच्यात” बाहेर काम करू देतात का. शेवटी १४ हजारांवर एका छोट्या फर्ममध्ये लागली. चार महिन्यांचे गेले ७२ हजार, पुढच्या आठ महिन्यांत दरमहा चार हजार कमी म्हणजे ३२ हजार. पहिल्या एका वर्षात एक लाख चार हजार रुपये. बारा लाखवाल्याच्या वाचलेल्या ८० हजारांपेक्षा ही रक्कम मोठी आहे, आणि ती वर्षाला दोन लाखही न कमावणाऱ्या मुलीच्या खिशातून गेली.

अम्मी याला नशीब म्हणते. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एकच बिघाड वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या लोकांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसला तर आम्ही त्याला नशीब म्हणत नाही, सिस्टिममधला दोष म्हणतो आणि तो शोधायला बसतो.

अर्थात, यावर कुणी रास्त प्रश्न विचारेल की एखाद्या मुलाखतीत तुझी बहीण खरंच कमी पडली नसेल कशावरून? नाकारणाऱ्याच्या मनात काय होतं, हे एका प्रकरणावरून मी सिद्ध करू शकत नाही. म्हणूनच संशोधकांनी वेगळा मार्ग काढला. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त नावं बदलली. २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त त्यांचे निष्कर्ष आले. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत मुलाखतीचं बोलावणं येण्याची शक्यता दलित नावाला सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश होती. पंधरा वर्षांनी, २०२२ मध्ये, लेड बाय फाउंडेशनने हिंदू आणि मुस्लिम स्त्रीच्या नावाने तसेच सारखे अर्ज पाठवले. हिंदू नावाला २०८ होकारार्थी उत्तरं आली, मुस्लिम नावाला १०३. बायोडेटा तोच होता.

मग कायदा काय म्हणतो? इथे आपल्यातले शिकलेलेही चकतात. “संविधानात समानता आहे ना,” असं म्हणतात. आहे. पण अनुच्छेद १५(१) आणि १६ प्रामुख्याने सरकारला बांधतात. खासगी माणसांनाही लागू होणारा भाग १५(२) मध्ये आहे. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते अशा ठिकाणी धर्म किंवा जात बघून कुणाला अडवता येणार नाही. म्हणजे धर्म बघून हॉटेलात मला चहा नाकारणं संविधानाविरुद्ध आहे, पण त्याच हॉटेलात मी नोकरी मागितली आणि मालकाने नाव ऐकून नको म्हटलं, तर मी थेट दाद मागावी असा स्पष्ट कायदा नाही.

२०१५ मध्ये मुंबईत एका एमबीए झालेल्या तरुणाला एका कंपनीने ईमेलवर चक्क लिहून कळवलं की आम्ही फक्त बिगरमुस्लिम उमेदवार घेतो. कंपनीने नंतर ही एका प्रशिक्षणार्थी कर्मचाऱ्याची चूक असल्याचं सांगितलं. इतका लेखी पुरावा असूनही गुन्हा नोंदवायला भारतीय दंड संहितेतलं राष्ट्रीय एकात्मतेला बाधा आणण्याचं १५३-ब कलम वापरावं लागलं. नोकरी नाकारली, ही साधी सरळ तक्रार घेऊन जायला दुसरी खिडकीच नव्हती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. २९ जुने कायदे त्यात एकत्र केले गेले. पगाराच्या व्याख्येत ५० टक्क्यांचा नियम आला, तेव्हा आमच्या ऑफिसात महिनाभर पीएफ किती कापला जाणार आणि हातात किती येणार याचीच चर्चा होती. मीही केली. पण वेतन संहितेतलं भेदभावाचं कलम वाचलं का कुणी? ते वेतनात आणि भरतीत लिंगभेद करायला मनाई करतं, आणि ते चांगलंच आहे. मात्र खासगी मालकाने भरती करताना धर्म किंवा जात पाहू नये, असं सांगणारं कलम या चार संहितांत नाही. कामावर असलेल्यांमध्ये गुणवत्ता न बघता पक्षपात करणं ही अनुचित कामगार प्रथा मानली जाते, हे खरं. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही ते होतं. पण जो आत शिरूच शकला नाही, त्याला त्याचा काय उपयोग?

असा कायदा आपल्या देशात शक्यच नाही, असंही नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने खासगी नोकरीत आणि भाड्याच्या घरातही बाधित व्यक्तीशी भेदभाव करायला बंदी घातली. अपंग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्याने खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करायला लावलं. १९६० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार मान्य केला. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या या करारात धर्माचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि त्याच्याही आधी, १९४७ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात सुचवलं होतं की कारखाने आणि व्यापारी आस्थापनांतल्या खासगी मालकांनी वंश, धर्म किंवा सामाजिक दर्जा बघून भेदभाव केला तर तो गुन्हा मानावा, आणि असे खटले चालवायला वेगळं न्यायाधिकरण असावं. बाबासाहेबांची ही सूचना आज पाऊणशे वर्षांनंतरही कागदावरच आहे.

दोष एकाच पक्षाचा नाही. सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली. माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने २००८ मध्ये त्याचा आराखडा दिला. त्यानंतर सहा वर्षं आपल्याला ‘आपलं’ वाटणारं सरकार दिल्लीत होतं, तरी आयोग झाला नाही. पुढे शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, त्याचाही कायदा झाला नाही. दर निवडणुकीत आपल्याला सुरक्षिततेचं आश्वासन मिळतं, कब्रस्तानाची भिंत मिळते, इफ्तारचं निमंत्रण मिळतं. नोकरीच्या दारातल्या न्यायाबद्दल कुणी बोलत नाही, आणि खरं सांगायचं तर आपणही विचारत नाही.

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, कायद्याने मनं बदलत नाहीत. बरोबर. पण २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा आल्यावर आमच्या ऑफिसात दरवर्षी प्रशिक्षण होतं, समिती आहे, तिच्यातल्या लोकांची नावं भिंतीवर लावलेली आहेत. सगळ्यांची मनं बदलली का, माहीत नाही. पण पूर्वी हसत हसत बोलली जाणारी वाक्यं आता तोंडातून निघत नाहीत, हे मी बघितलं आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातून येतो: आधी शिका, मग तक्रारी करा. शिकलंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण माझी बहीण शिकली होती. अर्ज सारखे आणि उत्तरं वेगळी, याचं उत्तर आणखी एका पदवीत नाही.

तिसरा आक्षेप, हा म्हणजे मुस्लिमांचे लाड. मला मुस्लिमांसाठी वेगळा कायदा नकोच आहे. २०२३ मध्ये मुलुंडला एका महिलेला मराठी असल्यामुळे ऑफिसची जागा नाकारल्याचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. आडनाव विचारून घर नाकारला जाणारा दलित तरुण, एकटी राहणारी घटस्फोटित स्त्री, ताटात काय आहे यावरून हाकलला जाणारा भाडेकरू, या सगळ्यांसाठी एकच कायदा हवा.

आणि तो आपल्यालाही लागू होईल, हेही मान्य करायला हवं. माझ्याच वस्तीत “फक्त फॅमिली” म्हणत एकट्या मुलींना घर नाकारणारे मालक आहेत. बिरादरी विचारून दुकानात पोरगा ठेवणारे शेठ आहेत. ज्या चष्म्यातून माझ्या बहिणीला पाहिलं गेलं, त्याच चष्म्यातून आपण दुसऱ्या कुणाला पाहत असू, तर आपली मागणी पोकळ ठरेल.

तुम्ही काय करू शकता? नकार आला की तारीख, कंपनी, विचारलेले प्रश्न लिहून ठेवा, ईमेल आणि मेसेज डिलीट करू नका. शंभर जणांच्या अशा नोंदी एकत्र आल्या तर त्या आमदार-खासदारांच्या टेबलावर ठेवता येतात. तुम्ही नोकरीत असाल तर एचआरला विचारा की आपल्या कंपनीच्या समान संधी धोरणात धर्म आणि जात हे शब्द आहेत का? मी विचारलं. पहिल्या वेळी उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा विचारल्यावर एका अधिकारी बाईंनी बोलावून घेतलं आणि म्हणाल्या, “आमच्या कधी लक्षातच आलं नाही हे.” धोरण अजून बदललेलं नाही, मी तिसरा मेल पाठवला आहे.

आणि मतं मागायला कुणी दारात आलं की महागाईबद्दल जरूर विचारा, गॅसबद्दल विचारा, करांबद्दल विचारा. त्याच दमात हेही विचारा की खासगी नोकरीत आणि भाड्याच्या घरात भेदभाव थांबवणारा कायदा तुमच्या जाहीरनाम्यात आहे का? नसेल तर का नाही?

गेल्या महिन्यापासून आमच्या हिशोबाच्या शीटमध्ये मी एक नवी ओळ टाकली आहे. तिच्यासमोर सव्वादोन हजार रुपये आणि चाळीस तास लिहिले आहेत. बायकोने विचारलं, “हे कोणत्या खात्यात टाकायचं?” अजून सापडलेलं नाही. पण निदान आता ते आम्ही लिहून ठेवतो.