जामीनदार मोकळे करताना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा नेहमीचा आधार थांबविला, तेव्हापासून आपल्या गोंदिया, तिरोडा, आमगाव परिसरातील अनेक घरांत एकच प्रश्न चर्चिला जातो. लॅपटॉप तर उत्तम चालतो, मग तो भंगारात का द्यावा? काहींनी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवून घेतले. काही सरकारी कार्यालयांच्या ओळखीचे ‘बॉस’ हे सी-डॅकचे भारतीय लिनक्सही याच कुळातले. या सर्वांचा मूळपुरुष म्हणजे इयान मर्डॉक यांनी 1993 साली सुरू केलेला डेबियन प्रकल्प. म्हणून आज ज्या साफसफाईविषयी लिहीत आहे, ती या सर्वांना सारखीच लागू पडते.

लिनक्सवर नवी आज्ञावली बसविताना किंवा जुनी काढताना पडद्यावर अधूनमधून एक सूचना उमटते. अमुक पॅकेजेस आपोआप बसविली गेली होती, आता त्यांची गरज उरलेली नाही, ती ‘ऑटोरिमूव्ह’ने काढून टाकावीत, असा तिचा आशय असतो. खाली दहा-वीस अनोळखी नावे असतात. आमच्या परिचयातील राइस मिलचे एक दिवाणजी ही यादी पाहून इतके धास्तावले, की त्यांनी संगणकच बंद करून ठेवला. याउलट त्यांचे चिरंजीव यादी न वाचताच होकाराचे ‘वाय’ दाबतात. माझ्या मते काळजी वाटावी ती चिरंजीवांचीच.

ही पॅकेजेस मुळात येतात कोठून? बँकेच्या भाषेत सांगतो. कर्जदार कर्ज मागावयास येतो, तेव्हा एकटा येत नाही; सोबत जामीनदार आणतो. लिनक्सवरील आज्ञावलीचेही तसेच आहे. आपण एक छायाचित्र-संपादक मागविला, तर तो आपल्या कामासाठी पाच-सात साहाय्यक पॅकेजेस बरोबर घेऊन येतो. डेबियनमध्ये 1999 पासून असलेला ‘एपीटी’ हा व्यवस्थापक त्यांची रीतसर नोंद ठेवतो: हे मालकाने स्वतः मागितले, ते कोणाच्या तरी सोबत आले. पुढे तो संपादक आपण काढून टाकला, म्हणजे कर्ज फिटले. आता जामीनदारास अडकवून ठेवण्याचे कारण नाही. मात्र तोच गृहस्थ दुसऱ्या कर्जालाही जामीन असेल, तर त्याला सोडता येत नाही. एपीटी हा हिशेब चोख करतो; त्यात मी तरी कधी खोट पाहिली नाही.

मात्र एका गोष्टीत एपीटी आणि बँक यांत फरक आहे, आणि सगळी मेख तेथेच आहे. जामिनातून मुक्त झालेल्या माणसाचे स्वतःचे बचत खाते बँक बंद करीत नाही. एपीटी मात्र त्याला दाराबाहेरच पोहोचवितो. सोबत आलेले एखादे पॅकेज आपण आता रोज वापरत आहोत, हे त्याला ठाऊक नसते. ते कशासाठी आले एवढेच त्याच्या वहीत लिहिलेले असते.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण घेऊ. उबुंटू व डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-इंडिक’ नावाचे पॅकेज आहे. त्यात स्वतःचा एकही टंक नाही. बंगाली, गुजराती, तमिळ, तेलुगू आदी लिप्यांच्या टंकांना ते केवळ सोबत आणते. आपण म्हणतो, मला तमिळ आणि मल्याळम काय करायचे, आणि ते काढून टाकतो. त्या क्षणी काहीच बिघडत नाही. परंतु पुढच्या ऑटोरिमूव्हच्या यादीत ‘फॉन्ट्स-देवा’ आणि त्यामागून ‘लोहित देवनागरी’ ही नावे येऊ शकतात, कारण तीही त्याच्याच सोबत आलेली असतात. यादी न वाचता होकार दिला आणि संगणकावर दुसरा देवनागरी टंक नसला, तर मराठी पत्राच्या जागी चौकोनांची रांग दिसते.

यावरचा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत ‘सूडो एपीटी-मार्क मॅन्युअल फॉन्ट्स-देवा’ असे लिहावे. म्हणजे हे पॅकेज मला स्वतःला हवे आहे, अशी वहीत नोंद होते. त्याच्यावर अवलंबून आलेले टंकही मग सुरक्षित राहतात. ही नोंद ऑटोरिमूव्हच्या आधी करावयाची, नंतर नव्हे.

आणि प्रत्यक्ष सफाईपूर्वी तालीम करून पाहावी. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ लिहून पुढे दोन आडव्या रेघा व ‘ड्राय-रन’ जोडले, की काय काय जाईल ते दिसते, जात मात्र काहीच नाही. यादीत ओळखीचे नाव आढळले, तर थांबावे. सगळे ‘लिब’ने सुरू होणारे असेल, तर ते बहुधा खरेच मोकळे झालेले जामीनदार असतात.

यादीत ‘लिनक्स-इमेज’ने सुरू होणारी नावेही भेटतील. हे प्रणालीचे जुने गाभे होत. अद्ययावतीकरणासोबत अधूनमधून नवा गाभा येतो आणि जुना पडून राहतो. ‘बूट’ विभाग लहान व वेगळा असेल, तर तो भरून पुढील अद्ययावतीकरणच अडते. खरी निकड असते ती येथे. चालू गाभा आणि सर्वांत नवा गाभा यांना ऑटोरिमूव्ह हात लावत नाही, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. नवा गाभा आल्यावर मात्र संगणक एकदा पुन्हा सुरू करून तो नीट चालतो याची खात्री करावी, मगच सफाईला बसावे.

यामुळे संगणक वेगवान होतो, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तसे सहसा होत नाही. डिस्कवर निपचित पडलेले पॅकेज वेग खात नाही. ते जागा खाते, आणि दर अद्ययावतीकरणात स्वतःचा वाटा डाउनलोड करावयास लावते. मोबाइलच्या डेटावर लॅपटॉप चालविणाऱ्या देवरी-सालेकसाच्या वाचकांना हा खर्च वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपली छायाचित्रे, पत्रे, हिशेबाच्या फायली ‘होम’ फोल्डरमध्ये असतात. त्यांना एपीटी स्पर्श करीत नाही. शिवाय काय बसविले, काय काढले, याची तारीखवार रोजकीर्द ‘व्हार’मधील ‘लॉग’, त्यातील ‘एपीटी’ या फोल्डरात ‘हिस्टरी’ नावाच्या फायलीत लिहिली जाते. चुकून काही गेलेच, तर त्या दिवसाच्या ‘रिमूव्ह’ या ओळीत त्याचे नाव सापडते आणि ते पुन्हा मागविता येते. चिरंजीवांना ही फाइल कोठे असते, एवढे तरी दिवाणजींनी दाखवून ठेवावे.