विश्लेषण : एकही गोळी न झाडणारा युद्धपट! ‘लीव्ह नो ट्रेस’मधील सैनिक घरी का परतत नाही?

युद्ध संपते, सैनिक परततो, मुले धावत येऊन बिलगतात आणि पडदा पडतो. अशा शेवटाची प्रेक्षकांना सवय आहे. दिग्दर्शिका डेब्रा ग्रॅनिक यांचा ‘लीव्ह नो ट्रेस’ (२०१८) हा अमेरिकी स्वतंत्र चित्रपट सुरू होतो, तो या परतण्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्यातला बाप युद्धावरून आला आहे. घरी मात्र पोहोचलेला नाही.

कथा काय?

माजी सैनिक विल (बेन फॉस्टर) आणि त्याची १३ वर्षांची मुलगी टॉम (थॉमसिन मॅकेन्झी) ओरेगॉन राज्यातील पोर्टलंडच्या फॉरेस्ट पार्कमध्ये ताडपत्रीखाली राहतात. पाच हजार एकरांहून मोठे हे जंगल शहराला अगदी लागून आहे. पावसाचे पाणी साठवायचे, आळंबी शोधायची आणि कुणी आलेच तर कसे लपायचे याचा सराव करायचा, असा त्यांचा दिनक्रम. टॉम शाळेत जात नाही, पण बापाने शिकवल्यामुळे अभ्यासात वयाच्या मानाने पुढेच आहे. पैशांसाठी विल सरकारी रुग्णालयातून मिळालेल्या गोळ्या विकतो. त्या घेणारे कोण? जंगलातच तंबू ठोकून राहिलेले दुसरे माजी सैनिक. एक दिवस पळायला आलेल्या माणसाच्या नजरेस टॉम पडते आणि पोलीस कुत्रे घेऊन येतात.

ही निव्वळ कल्पना नाही. याच जंगलात २००४ मध्ये एक बापलेक सापडले होते. त्या घटनेवरून पीटर रॉक यांनी ‘माय अबॅन्डनमेंट’ (२००९) ही कादंबरी लिहिली आणि चित्रपट तिच्यावर बेतला आहे.

मग युद्ध कुठे आहे?

पडद्यावर कुठेच नाही. रणांगणाचा फ्लॅशबॅक नाही, विल आपली कहाणी सांगत बसत नाही. त्याची झोपमोड होते, हेलिकॉप्टरच्या घरघरीने तो आतून हलतो आणि टॉमच्या हाती सैनिकांच्या आत्महत्यांविषयीच्या बातमीचे कात्रण लागते. एवढेच. आघातानंतरच्या या मानसिक विकाराला अमेरिकेतील मानसोपचाराच्या अधिकृत नियमावलीत १९८० मध्ये स्थान मिळाले. चित्रपटात मात्र निदानाचा शिक्का कुठे ठळकपणे मारलेला नाही, आणि ते बरेच झाले. शिक्का बसला की प्रेक्षक माणसाकडे पाहायचे थांबवून आजाराकडे पाहू लागतो.

चुकते कोण?

खलनायक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. समाजकल्याण खात्याचे कर्मचारी प्रेमळ आहेत. दोघांना नाताळाची झाडे लावणाऱ्या शेतावर घर मिळते, विलला तिथेच काम मिळते. गोम अशी, की तोडलेली झाडे उचलायला तिथेही हेलिकॉप्टरच येते!

त्याआधी विलची संगणकावर मानसिक चाचणी घेतली जाते. शेकडो विधाने एकामागून एक ऐकू येतात. उत्तर फक्त ‘खरे’ किंवा ‘खोटे’. विल विचार करत राहतो आणि यंत्र पुढच्या विधानावर जाते. अख्ख्या चित्रपटातील हा सर्वांत बोचरा प्रसंग आहे. माजी सैनिकांसाठी छप्पर, नोकरी आणि गोळ्या यांची सोय हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण तीन रकाने भरले म्हणून फाइल बंद करणारी व्यवस्था विलसारख्या माणसाला कोणत्या रकान्यात बसवणार? त्याला छताखाली श्वासच घेता येत नाही.

मुलीने काय करायचे?

इथे चित्रपट खरा धीट होतो. विलबद्दल सहानुभूती वाटायला लावून तो थांबत नाही, त्या सहानुभूतीची किंमत कोण मोजते तेही दाखवतो. बापलेक शेतावरून पळतात, थंडीत भटकतात, विल जबर जखमी होतो. वॉशिंग्टन राज्यातील एका वस्तीत, फिरत्या घरांत राहणारी साधी माणसे त्यांना आसरा देतात. सैन्यात वैद्यकीय काम केलेला एक जण जखमेवर उपचार करतो. टॉम मधमाश्या हाताळायला शिकते. इथेच राहायचे, असे तिला वाटू लागते. विलची पावले मात्र पुन्हा जंगलाकडे वळतात. तुमच्यात जे बिघडले आहे ते माझ्यात बिघडलेले नाही, अशा अर्थाचे ती त्याला एकदाच, न ओरडता सांगते. बापावर जीव असूनही त्याचे युद्ध वारशाने घ्यायला ती नकार देते. वस्तीतली माणसे जरा जास्तच चांगली रंगवली आहेत, असे कुणी म्हणेल. पण माणसे कठोर असती, तर टॉमचा निर्णय इतका अवघड झालाच नसता.

ग्रॅनिक यांना हे कसे साधले?

‘विंटर्स बोन’ (२०१०) या त्यांच्या चित्रपटाने जेनिफर लॉरेन्सला ऑस्करच्या नामांकनापर्यंत नेले. पुढे व्हिएतनाम युद्धातील एका माजी सैनिकावर त्यांनी ‘स्ट्रे डॉग’ (२०१४) हा माहितीपट केला. ती माहितीपटवाली नजर इथेही दिसते : कॅमेरा घाई करत नाही, संगीत रडायला सांगत नाही.

त्या वस्तीजवळच्या रानात एक माणूस राहतो. तो कुणालाच दिसत नाही. वस्तीतली एक बाई त्याच्यासाठी झाडाला खाण्याची पिशवी टांगून ठेवते आणि काही दिवसांनी ती रिकामी झालेली असते. अखेरीस टॉमही एक पिशवी घेऊन त्या रानात जाते.