सकाळी आधी क्रॉप चाचपा!

सेकंड होम घेतलं की आधी झोपाळा, मग बार्बेक्यू आणि मग चार कोंबड्या, असा सध्या आपल्या मित्रमंडळींचा क्रम दिसतो. मुळशी असो की कर्जत, ‘आमच्या घरची अंडी’ हा नवा स्टेटस सिम्बॉल. हरकत काहीच नाही! पण कोंबडी मलूल होऊन कोपऱ्यात बसली की हीच मंडळी गांगरतात आणि मोबाइलवर दिसेल तो उपाय त्या बिचारीवर करून मोकळी होतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रॉपच्या बाबतीत. क्रॉप म्हणजे मानेच्या बुडाशी, कोंबडीच्या जरा उजव्या अंगाला असलेली पिशवी. टिपलेले दाणे आधी इथे साठतात, भिजतात आणि हळूहळू पुढे सरकतात. दळण्याचं काम पुढचा गिझर्ड करतो, तेही गिळलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने. संध्याकाळी ही पिशवी टम्म लागली तर टेन्शन नको, बाईसाहेब जेवून आल्यात. रात्री दाणे उचला, पाणी राहू द्या आणि सकाळी खायला घालायच्या आधी हात लावून बघा. पिशवी रिकामी लागायला हवी. नसेल, तर गडबड आहे.

आता कशी लागते, ते महत्त्वाचं. कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर आत काहीतरी अडकलंय. लांब गवत, पेंढा, सुतळी, प्लॅस्टिकचा तुकडा, काहीही. (लॉन कापल्यावर गवताचा ढीग कोंबड्यांपुढे ओतणारे हौशी लोक मी पाहिलेत. कृपया नको!) अशा कोंबडीला वेगळं ठेवा, दाणे बंद करा, ड्रॉपरने चोचीच्या टोकाशी कोमट पाणी आणि तेलाचे दोन-चार थेंब द्या आणि पिशवी दिवसातून चार-पाच वेळा हलक्या हाताने चोळा. एका दिवसात फरक नाही पडला तर थेट पक्ष्यांचा डॉक्टर. गरज पडली तर ते भूल देऊन पिशवी उघडतात. घरी ब्लेड घेऊन बसण्याचा शूरपणा दाखवू नका.

याउलट, पिशवी पाणी भरलेल्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि तोंडाला आंबूस वास, म्हणजे आतमध्ये बुरशी माजलीय. कॅन्डिडा तिचं नाव. आणि नेमकं इथेच लोक कोंबडीला उलटी धरून पिशवी पिळतात. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं. ते आंबलेलं पाणी फुप्फुसात गेलं की कोंबडी तुमच्या हातातच जाते, काही मिनिटांत. हे काम डॉक्टर नळीने करतात, तेच करोत. केमिस्टकडून आणलेलं अँटिबायोटिक तर आणखी वाईट, कारण त्याने बुरशीला रान मोकळं मिळतं. इथे निस्टॅटिनसारखं बुरशीवरचं औषध लागतं, आणि त्याचा डोस डॉक्टरच ठरवणार. ताकाचा उतारा मात्र भरवशाचा नाही.

मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल माहीत असेलच. इतरांनी कोंबड्या आणायच्या आधीच जवळपास पक्षी बघणारा डॉक्टर कोण, ते शोधून ठेवावं. पिशवी रिकामी होऊन पुन्हा पुन्हा भरत असेल तर दुखणं तिच्या पलीकडे आहे, गिझर्डमध्ये किंवा पोटात, हे निदान घरबसल्या होत नाही. आणि एकदम तीन-चार कोंबड्या मलूल झाल्या, माना वाकड्या व्हायला लागल्या तर क्रॉप विसरा. राणीखेत असू शकतो. तासभरही थांबू नका.

राहता राहिला प्रश्न वीकेंडचा. तुम्ही शनिवारी दुपारी पोहोचणार आणि तपासणी तर रोज सकाळची! म्हणजे हे सगळं तिथल्या केअरटेकर काकांना हात धरून शिकवायला हवं, बारीक खड्यांची वाटी खुराड्यात कायम भरलेली ठेवण्यासकट. आणि हो, औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही डॉक्टरांनाच विचारा. रविवारचं ऑम्लेट हुकेल. हुकू दे.