काचेपलीकडचं इंग्रजी

बँकेतलं इंग्रजी म्हणजे काही शेक्सपिअर नव्हे, दोस्तांनो. मोजून तीस-चाळीस शब्द. डेबिट, क्रेडिट, बॅलन्स, पेयी, बेअरर, नॉमिनी. एवढ्या भांडवलावर काचेपलीकडचा माणूस साहेब होतो, आणि गोदीत पन्नास किलोची गोण पाठीवर घेणारा माझा बाप हातात स्लिप धरून 'साहेब, जरा भरून द्या ना' करीत उभा राहतो.

१९ जुलै १९६९ ला १४ बँका सरकारी झाल्या, १९८० साली आणखी ६. बँक गरिबाच्या दारी आली म्हणून ढोल बडवले. २०१४ साली जनधन आलं, आमच्या आयाबायांची झिरो बॅलन्सची खाती निघाली. पण कागद साहेबाच्याच भाषेत बोलतो. रिझर्व्ह बँक सांगते, फॉर्म, स्लिपा, पासबुक तीन भाषांत पाहिजेत, त्यात इथली भाषा आलीच. आमच्या वस्तीजवळच्या शाखेत मी मराठी फॉर्म तीनदा मागितला. तिन्ही वेळा संपलेला! न छापलेला माल संपतो कसा, हे त्या साहेबालाच ठाऊक.

आता म्हणाल, एका शब्दानं काय बिघडतं? ऐका. आमच्या टोळीतल्या एकाला सांगितलं, इथं सही कर, नुसती साक्ष आहे. कागदावर छापलेलं होतं 'गॅरंटर'. साक्षीदाराला 'विटनेस' म्हणतात. गॅरंटर म्हणजे जामीनदार, आणि १८७२ च्या करार कायद्याचं १२८ वं कलम म्हणतं की करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. कर्ज घेणारा गावाला पसार. नोटीस ह्याच्या खोलीवर. बायकोचं मंगळसूत्र गेलं ते ह्या एका शब्दापायी.

तरी काही शहाणे सांगतात, इंग्रजी कशाला, अभिमान धरा मराठीचा. त्यांची पोरं कॉन्व्हेंटात! बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनात 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापून रुपयाचं दुखणं साहेबाला साहेबाच्या भाषेत सुनावलं. त्यांच्या लेकरांनी पाचशे रुपये काढायला दुसऱ्याचा हात शोधायचा?

तेव्हा पोरांनो, कविता राहू द्या थोडा वेळ. शाखेतून कोऱ्या स्लिपा उचला आणि संध्याकाळी बुद्धविहारात म्हाताऱ्याकोताऱ्यांना घेऊन बसा. चेकवर 'सेल्फ' लिहिलं की पैसे स्वतःला. 'बेअरर' खोडलं नाही तर ज्याच्या हातात चेक, तो पैसे नेईल. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलं की पैसे खात्यातच पडणार. रक्कम अक्षरात लिहून पुढं 'ओन्ली', नाहीतर मागाहून कोणी शेपूट जोडेल. चेक तारखेपासून ३ महिन्यांत वटवा, २०१२ च्या एप्रिलपूर्वीचे सहा महिने विसरा. आणि चेक मराठीतही लिहिता येतो. हे सांगितलं होतं कुणी तुम्हाला?

पासबुकात न कळणारी कपात दिसली तर काचेला नाक लावून विचारा : व्हॉट इज धिस चार्ज फॉर? तोंडी उत्तर मिळालं तर पुढचं वाक्य : गिव्ह मी इन रायटिंग. ग्रामर गेलं खड्ड्यात. तक्रार लेखी द्या, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा. तिथं फी लागत नाही.