आधी तपासा, मग भरा

विद्यार्थी मित्रहो, प्रयोगशाळेत ॲमीटर जोडण्यापूर्वी आपण काय पाहतो? त्याची मर्यादा. १ अँपिअरच्या ॲमीटरमधून ५ अँपिअर प्रवाह सोडून दिला आणि मग मर्यादा वाचली, तर त्या वाचनाचा उपयोग काय? नेमकी हीच चूक २०२३ साली संगणकांच्या जगाला महागात पडली.

इंटरनेटवर चित्रे पाठवण्यासाठी ‘वेबपी’ नावाचा फाइलीचा एक प्रकार आहे. फाइल लहान व्हावी म्हणून तिच्यात डेव्हिड हफमन यांनी १९५२ साली मांडलेली युक्ती वापरतात. वारंवार येणाऱ्या मूल्याला आखूड संकेत द्यायचा, क्वचित येणाऱ्याला लांब. मोर्स लिपीत ‘ई’ या अक्षराला एकच टिंब असते, तसेच हे. संकेत उलगडण्यासाठी प्रोग्रॅमला एक कोष्टक तयार करावे लागते.

‘लिबवेबपी’ ही वेबपी चित्रे उलगडणारी तयार लायब्ररी. नियमाने बनलेल्या फाइलीचे कोष्टक जास्तीत जास्त केवढे होईल, याचे गणित तिच्या कर्त्यांनी केले आणि स्मृतीत तेवढीच जागा राखली. गणित अचूक होते. पण फाइल नियमाने बनली आहे की नाही, हे कोष्टक भरून झाल्यावर तपासले जाई! मुद्दाम बिघडवलेल्या फाइलीचे कोष्टक राखलेल्या जागेबाहेर सांडे आणि शेजारच्या माहितीवर लिहिले जाई. अशा सांडण्याचा फायदा घेऊन परका माणूस संगणकात शिरू शकतो.

ॲपलचा सुरक्षा विभाग आणि टोरांटो विद्यापीठातील सिटिझन लॅब यांनी ६ सप्टेंबर २०२३ रोजी हा दोष कळवला. तोवर त्याचा गैरवापर सुरूही झाला होता. लायब्ररी एकच, पण क्रोम, फायरफॉक्स, एज असे कितीतरी प्रोग्रॅम तिच्यावर विसंबलेले. सर्वांनाच दुरुस्ती करावी लागली. दुरुस्ती कोणती? आधी फाइल तपासायची, जागा पुरेल याची खात्री करायची, मगच कोष्टक भरायचे.

कोणी म्हणेल, दोष फाइल बिघडवणाऱ्याचा. मला हे अर्धेच पटते. बाहेरून येणारी फाइल नियम पाळीलच, असे गृहीत धरणे हीसुद्धा चूकच. आणि ही सवय आम्ही शिक्षकच लावतो. योग्य आकडे दिल्यावर योग्य उत्तर आले, की आम्ही प्रोग्रॅमला पूर्ण गुण देऊन मोकळे होतो! चुकीचे आकडे दिल्यावर तो काय करतो, यालाही गुण हवेत.

तेव्हा मित्रहो, वय विचारणारा प्रोग्रॅम लिहाल, तेव्हा त्याला उणे ५ हे वय सांगून पाहा. तो गोंधळला, तर तुमचे काम अजून संपलेले नाही.