मापाचा नमुना आणि मनाचा नमुना

घरात शिवणयंत्र आले की पहिला उत्साह असतो तो कापड कापण्याचा. आणि पहिली निराशा पदरी येते तीही कापड कापल्यावरच. नमुन्याच्या पाकिटावरील चित्र पाहून आपण हरखतो, तो खाकी कागदावर उतरवून घेतो, रात्री जागून शिवतो. आणि आरशासमोर उभे राहिल्यावर चित्रातील ती डौलदार कमीज आपल्या अंगावर मात्र कुठे ताणलेली, कुठे लोंबणारी दिसते. अशा वेळी दोष कोणाचा? बहुतेक जणी लगेच उत्तर देतात, "माझ्या अंगाचाच!" हे उत्तर चुकीचे आहे, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे. ते चुकीचे का, हे पाहता पाहता नमुना निवडावा कसा याचाही विचार आपोआप होईल.

गेल्या उन्हाळ्यात भिलाईस बहिणीकडे जाण्याचा योग आला. १९५५ साली भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात येथील पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. भातशेतीच्या या मुलखात मग साऱ्या देशातून माणसे आली. मराठी माणसांना तर हा मुलूख परका नव्हताच. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि विदर्भ एकाच प्रांतात होते व त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. २००० साली छत्तीसगड राज्य झाले. पण भिलाईच्या सेक्टरांतील शेजार आहे तसाच आहे. एका ओळीत बंगाली, तेलुगू, पंजाबी, मल्याळी आणि मराठी घरे. वाटीभर साखरेबरोबर येथे कपड्यांचे नमुनेही या घरातून त्या घरात जातात.

अशा शेजारात वाढलेल्या माझ्या भाचीने एक दिवस पेटीतून कापडाची एक घडी काढून माझ्यापुढे ठेवली. कोशाचे कापड होते. मधाच्या रंगाचे, अडीच मीटर. तिच्या आजीने चांप्याहून आणून नातीसाठी ठेवलेले. आजी आता नाही. दोन वर्षे ते कापड तसेच पेटीत होते.

"अगं, मग शिवत का नाहीस?" मी विचारले.

"मावशी, कापायला हात धजत नाही. सुती कापडावर त्याच नमुन्याने दोनदा करून पाहिले. खांदे उतरतात, गळा उघडा पडतो. माझे अंगच वेडेवाकडे आहे."

शाळेत मुलांना शिकवणारी, चांगली सुदृढ मुलगी. आणि एका कागदाच्या तुकड्यावरून तिने स्वतःच्या शरीराविषयी केवढा कठोर निकाल दिला होता! कापड वाया गेले तर त्याची हळहळ चार दिवस राहते. पण असा निकाल मनात रुतून बसतो. म्हणून त्या कोशाच्या निमित्ताने आम्ही दोघींनी जे केले, ते आपणांसही सांगते.

प्रथम नमुना म्हणजे काय, हे ध्यानात घ्यावे. आपल्या जुन्या पोशाखात हा प्रश्न फारसा उद्भवत नसे. नऊवारी लुगडे, किंवा छत्तीसगडच्या खेड्यांतील लुगरा, न कापताच नेसायचा. चोळीला गुळेदगुड्डचा खण पुरे होई, आणि तिची गाठ अंगाप्रमाणे सैल वा घट्ट बांधता येई. म्हणजे कापड अंगाचे ऐकत असे. मापाप्रमाणे छापलेले कागदी नमुने फार अलीकडचे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ साली एकाच कपड्याचे लहानमोठ्या मापांतील नमुने विकावयास आरंभ केला, आणि घरी शिवणाऱ्या स्त्रियांची मोठी सोय झाली. पण सोयीबरोबर एक अडचणही आली. नमुना छापायचा तर एक ठरावीक अंग डोळ्यांसमोर धरावे लागते.

ते अंग कोणाचे? अमेरिकेच्या शेती खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली आणि त्यांचा अहवाल १९४१ साली प्रसिद्ध केला. छाती सारखी असलेल्या दोघींची कंबर, खांदे, पाठ सारखी असतीलच असे नाही, हे अशा मोजणीतून दिसते. आपल्याकडेही राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने भारतीय मापे ठरविण्यासाठी पंचवीस हजार स्त्री-पुरुषांच्या मोजणीचा प्रकल्प हाती घेतला. अशा मोजण्यांतून सरासरी निघते आणि सरासरीवरून नमुना निघतो. सरासरी ही कागदावरची बाई आहे. ती कोणाच्याही घरात राहत नाही. तिच्या अंगाशी आपले अंग जुळले नाही, तर त्यात वेडेवाकडे काय?

आता मापांकडे वळू. स्वतःची मापे स्वतः घेऊ नयेत. हात वर होताच खांदा आणि पाठ हलतात. दुसरीकडून घ्यावीत. अंगात पातळ, अंगाबरोबर बसणारा कपडा असावा आणि फीत जमिनीशी समांतर असावी. छातीची मापे दोन घ्यावीत. एक काखेखालून, उंचवट्याच्या वरून जाणारे. त्याला आपण वरची छाती म्हणू. दुसरे भरलेल्या छातीचे. याखेरीज कंबर, नितंब, खांद्याची रुंदी, मानेच्या मणक्यापासून कंबरेपर्यंत पाठीची लांबी, आणि दंडाचा घेर. मापांखाली तारीख लिहावी. अंग बदलत असते, आणि दोन वर्षांपूर्वीच्या मापांवर कापड कापणे म्हणजे जुन्या पंचांगावरून सण पाळणे. नमुना सेंटीमीटरमध्ये असेल तर मापेही सेंटीमीटरमध्येच घ्यावीत. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, तोंडी बदलाबदल करताना पाव इंचाचा घोटाळा सहज होतो.

भाचीची वरची छाती भरली ३३ इंच आणि पूर्ण छाती ३७. येथेच तिच्या दुःखाचे मूळ सापडले! छापील नमुन्यांत या दोन मापांतील अंतर साधारणतः दोन इंच धरलेले असते. तिचे होते चार. तिने पूर्ण छाती पाहून ३७चा नमुना घेतला होता, म्हणजे वरची छाती ३५ असलेल्या स्त्रीचे खांदे आणि तिचा गळा अंगावर चढविला होता. मग खांदे उतरणार नाहीत तर काय?

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. जे बदलणे अवघड, त्यावरून नमुना निवडावा. जे बदलणे सोपे, ते मागाहून बदलावे. खांदा, गळा आणि मुंढा दुरुस्त करणे अवघड असते. कंबर आत घेणे, पुढा रुंद करणे, लांबी कमीअधिक करणे त्या मानाने सोपे. म्हणून पोलके व कमीज यांसाठी वरच्या छातीत दोन इंच मिळवून येणारा आकडा पाहावा. भाचीसाठी तो ३५ आला. त्या मापाचा नमुना घेऊन कमी पडणारे दोन इंच आम्ही फक्त पुढ्यात वाढविले. अर्ध्या पुढ्यात एक इंच. वाढलेले कापड टक्समध्ये घेतले. पाठ, खांदा आणि गळा यांस हात लावला नाही. सलवार, विजार किंवा घट्ट परकर यांचा नमुना मात्र नितंबाच्या मापावरून निवडावा. कंबर मागाहून जुळविता येते.

दुसरी गोष्ट सैलपणाची. कपडा अंगाच्या नेमक्या मापाचा असेल तर त्यात श्वासही घेता येणार नाही. साडीवरच्या पोलक्यात छातीला एक-दोन इंच सैलपणा पुरतो. कमीजीला तीन-चार इंच हवा. पाकिटावरील आकड्यावर विसंबू नये. नमुन्याचे कागद मोजून, शिवणीची माया वजा करून, तयार कपडा केवढा होईल ते पाहावे आणि आपल्या आवडत्या जुन्या कपड्याशी ताडून पाहावे. शिंप्याकडे आपण मापाचा ब्लाउज देतो, तो याच कारणासाठी. जो कपडा अंगात असल्याचे दिवसभर आठवतही नाही, तोच आपला खरा मापदंड.

तिसरी गोष्ट नमुन्याच्या रचनेची. ज्या नमुन्यात शिवणी अधिक, त्यात अंगाप्रमाणे बदल करण्याच्या जागाही अधिक. भरलेल्या छातीला कटोरी किंवा प्रिन्सेस कट सोयीचा पडतो, कारण प्रत्येक शिवणीत थोडे थोडे आत-बाहेर करता येते. उतरत्या खांद्यांवर फार रुंद गळा टिकत नाही. तो हवाच असेल तर पाठीमागचा गळा उथळ ठेवावा किंवा मागे नाडी लावावी. पाठीला बाक असेल तर पाठीची लांबी वाढवावी, नाही तर कपडा मागून वर चढतो. दंड भरलेले असतील तर अर्ध्या बाहीची कड दंडाच्या सर्वांत रुंद भागावर न आणता थोडी खाली आणावी.

पण हे सारे सोयीचे बोलणे झाले, आवडीचे काय? शिवणाच्या पुस्तकांतून स्थूल स्त्रियांस आडवे पट्टे वर्ज्य सांगितलेले असतात. गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकातच जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी दाखविले होते की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन डोळ्यांना उलट अधिक उंच भासतो. आणि २०११ साली इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी आडव्या पट्ट्यांच्या कपड्यांनी बाई अधिक जाड दिसत नाही, असा निष्कर्ष प्रसिद्ध केला. किती जणींनी आयुष्यभर आवडते पट्टे दुकानातच ठेवले असतील! म्हणून माझे सांगणे असे, की माप शास्त्राने घ्यावे, पण रंग, नक्षी आणि गळ्याचा घाट मनाने निवडावा. जे घातल्यावर आपण खांदे पाडून चालत नाही, ते आपल्याला शोभते असे खुशाल समजावे.

चौथी गोष्ट कापडाची. एकच नमुना व्हॉइलमध्ये झुळझुळतो आणि कोशात ताठ उभा राहतो. चित्रात चुण्या दिसत असतील तर जाड कापडात त्या फुगतील, हे आधीच ताडावे. कोशाच्या कडेचे धागे सुटतात. तेथे माया मोठी ठेवावी आणि आत सुती अस्तर लावावे, म्हणजे शिवणींवर ताण येत नाही. सुती कापड व अस्तर आधी भिजवून, वाळवून मगच कापावे. आणि भिलाईसारख्या गावी, जेथे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेथे बाहीचा मुंढा आवळलेला असू नये, हे कोणत्याही पाकिटावर छापलेले नसते.

यानंतरची पायरी बहुतेक जणी गाळतात, आणि तीच सर्वांत मोलाची. चांगल्या कापडाला कात्री लावण्यापूर्वी स्वस्त मांजरपाटाची कमीज कच्च्या टाक्यांनी शिवून पाहावी. सुरकुत्या आपल्याशी बोलतात. छातीकडे ओढल्या जाणाऱ्या सुरकुत्या सांगतात, "येथे जागा कमी आहे." सैल पडलेली घडी सांगते, "येथे कापड जास्त आहे." आम्ही मांजरपाट भाचीच्या अंगावर चढविला तेव्हा डावी बाजू सुरेख बसली, उजवीकडे मात्र खांद्यापासून काखेकडे तिरपी घडी पडली. मोजले, तर उजवा खांदा डाव्याहून अर्धा इंच उतरता.

"बघ, वेडेवाकडेच आहे ना!" ती म्हणाली.

मी फीत तिच्या हाती दिली आणि माझे खांदे मोजावयास सांगितले. माझाही एक खांदा उतरता निघाला. मग बहीण मोजली गेली. शेजारच्या पंजाबी काकू काही कामाने आल्या होत्या, त्याही हौसेने उभ्या राहिल्या. चौघींत एकीचेही खांदे समान निघाले नाहीत. काकू तर इतक्या हसल्या की भाचीलाही हसू आवरेना. मग उजव्या बाजूच्या पुढ्याचा व पाठीचा कागद वेगळा काढला, खांद्याचे टोक अर्धा इंच खाली घेतले, मुंढाही तेवढाच खाली उतरविला, आणि घडी नाहीशी झाली.

कोसा आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कापला. पहिली कात्री तिनेच लावली. गळा तिने तिच्या आवडीचा, लहान गोल ठेवला. मला चौकोनी अधिक बरा वाटला असता, पण कमीज तिची होती. काम आटोपल्यावर तिने खाकी कागदांवर "उजवा" आणि "डावा" असे लिहिले, तारीख घातली, आणि कागदांची गुंडाळी करून ती कोसा जेथे दोन वर्षे होता त्याच पेटीत ठेवली.

भगिनींनो, आपल्याही पेटीत असे एखादे जपून ठेवलेले कापड असेल. या आठवड्यात फीत आणि मैत्रीण, दोन्ही बोलावून घ्या. दोन मीटर मांजरपाट आणा. कापड बाहेर काढण्याची वेळ मग फार दूर राहणार नाही.